धमनीची भिंत संगणकावर: फंग की होल्झाफेल?

धमनी सुरुवातीला सहज ताणते, पुढे मात्र एकदम ताठ होते. आधी भार इलॅस्टिन हे भिंतीतलं लवचिक प्रथिन घेतं. कोलॅजन या ताठ प्रथिनाचे वळ्या पडलेले धागे सरळ झाले की ते पुढे येतात. हे गणितात बसवायचं कसं?

वाय. सी. फंग आणि सहकाऱ्यांचं १९७९ मधलं घातांकी सूत्र प्रयोगातल्या आलेखाशी छान जुळतं. पण त्यातले स्थिरांक म्हणजे नुसते आकडे. थर कुठला, धागा कुठला, काही कळत नाही.

होल्झाफेल, गॅसर आणि ऑग्डेन यांचं २००० मधलं मॉडेल थेट भिंतीत शिरतं. मीडिया (मधला) आणि अॅडव्हेंटिशिया (बाहेरचा) हे थर वेगळे. प्रत्येकात मळसूत्रासारखे उलटसुलट फिरणारे धाग्यांचे दोन समूह. धागा ताणला गेला तरच काम करतो, दाबला गेला तर नाही. आणि त्याचा कोन सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतो, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. खऱ्या भिंतीत धागे इतके शिस्तीत नसतात, म्हणून २००६ मध्ये विखुरलेपणाचा स्थिरांक जोडला गेला.

एका नमुन्याचा दाब-व्यास आलेख बसवायला फंग पुरेसा आहे. स्टेंट फुगवल्यावर कुठल्या थरावर किती ताण येतो हे हवं असेल, तर मी होल्झाफेलचं मॉडेलच घेईन.