गौरीचं जेवण बाहेरून मागवलं : सदाशिव पेठेतल्या काकूंच्या स्वयंपाकाबद्दल

आमच्याकडे मुखवट्यांच्या गौरी. माझं माहेर चिपळूणचं, तिथे खड्यांच्या. पाणवठ्यावरून मुकाट्याने सात खडे आणायचे आणि पूजनाला घावन-घाटलं करायचं. सासर मूळचं साताऱ्याकडचं, त्यामुळे लग्नानंतर मी पुरणावरणाचा स्वयंपाक शिकले तो सासूबाईंच्या हाताखाली. पहिल्या दिवशी मेथीची भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, कटाची आमटी आणि सोळा भाज्यांची एक भाजी, तिसऱ्या दिवशी दहीभात आणि शेवयांची खीर. ३१ वर्षांत यात एका पदार्थाचाही बदल झाला नव्हता.

मागच्या वर्षी गणपतीच्या तोंडावर आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि घाईघाईने एका मोठ्या केटररकडे १४ पानं सांगितली. कांदा-लसूण नको, हे दोनदा बजावलं होतं. ११ सप्टेंबरला साडेअकराला डबे आले, आमटीचं झाकण उघडलं आणि लसणीचा वास आला. फोन केला तर समोरचा म्हणाला, "थोडासाच असतो मॅडम, फोडणीला." ते पान गौरीपुढे ठेवणं शक्यच नव्हतं. अर्ध्या तासात मी वरण-भात आणि रव्याचा शिरा केला आणि त्याचाच नैवेद्य दाखवला. आतल्या खोलीतून आई विचारत होत्या, "कट काढलास का गं?" मला उत्तर देता आलं नाही. तो दिवस माझ्या मनातून वर्षभर गेला नाही.

म्हणून यंदा आषाढातच शोधाशोध सुरू केली. भिशीतल्या मैत्रिणीने सदाशिव पेठेतल्या या काकूंचं नाव सुचवलं. पाटी नाही, जाहिरात नाही. राहत्या घरीच मदतीला दोन बायका घेऊन स्वयंपाक करतात आणि गौरीच्या दिवशी फक्त १२ घरांची ऑर्डर घेतात. श्रावण लागायच्या आत यादी भरते. माझा नंबर अकरावा लागला.

मला सगळ्यात आवडलं ते ऑर्डर घेतानाचं त्यांचं बोलणं. मी म्हटलं, "तुमचा मेनू सांगा." त्या म्हणाल्या, "माझा राहू दे, तुमच्याकडे काय असतं ते सांगा." आणि मग २० मिनिटं एकेक विचारत गेल्या. पुरण गुळाचं, साखरेचं की निम्मंनिम्मं? जायफळ की वेलदोडा? आमटीला चिंच घालता की आमसूल? खोबरं भाजून वाटता का? अळूत मुळा घालता की नाही? चटणी ओल्या नारळाची की डाळ वाटून? नैवेद्याचं पान वेगळं भरून हवंय का? पलीकडे वहीवर पेन्सिल चालल्याचा आवाज येत होता. काही प्रश्नांची उत्तरं मलाच नीट देता येईनात. फोन आईंकडे दिला आणि त्या पलंगावर उठून बसून, हातवारे करत सांगायला लागल्या. कट जास्त पातळ नको, गूळ लागला पाहिजे पण आमटी गोडमिट्ट होता कामा नये, काळा मसाला शेवटी घालायचा. ऑपरेशननंतर इतक्या उत्साहाने त्या पहिल्यांदाच बोलत होत्या.

पूजनाच्या दिवशी, म्हणजे १ सप्टेंबरला, सकाळी सातला काकूंचा फोन आला. मंडईत पडवळ चांगलं मिळालं नव्हतं, त्याच्या जागी शेवग्याच्या शेंगा घातल्या तर चालतील का? भाजी चुलीवर चढायच्या आधी हे विचारलं, याचं मला फार अप्रूप वाटलं. दुसऱ्या कोणी पंधरा भाज्या घालून सोळा म्हणून पाठवल्या असत्या आणि कुणाला कळलंही नसतं. आमच्या आईंना मात्र कळलं असतं. भाजीच्या डब्याबरोबर एका चिठ्ठीवर सोळा नावं लिहून आली होती : लाल भोपळा, दुधी, दोडका, शेवगा, घोसाळं, भेंडी, गवार, घेवडा, तोंडली, कारलं, कच्चं केळं, सुरण, रताळं, अळूचे देठ, मक्याचे दाणे, माठ. आईंनी वाटीत भाजी घेऊन चमच्याने एकेक फोड बाजूला केली आणि चिठ्ठीशी ताडून पाहिली. सुरण सापडेना. मग पातळ रसात विरघळलेला एक तुकडा सापडला, तेव्हा मान हलवून म्हणाल्या, "आहे."

आता पुरणपोळी. पोळी हातात घेऊन खिडकीच्या उजेडात धरली तर पुरण अगदी काठापर्यंत गेलेलं, कुठे नुसत्या कणकेची कड नाही. पुरण इतकं बारीक वाटलेलं की दाताखाली डाळीचा कण आला नाही, आणि तरी ते पिठूळ लागत नव्हतं. जायफळ बेताचं. कणीक तेलात चांगली तिंबलेली असावी, कारण उरलेल्या चार पोळ्या दुसऱ्या दिवशी सकाळीही तितक्याच मऊ होत्या. माझ्या हातच्या पोळीपेक्षा ही चांगली होती, आणि हे मी नणंदेसमोर मोकळेपणाने कबूल केलं. वन्सं उलटल्या नाहीत, त्याही दोनदा वाढून घेत होत्या.

कटाची आमटी तर आणखी सरस. हरभऱ्याच्या डाळीचं पाणी नुसतं उकळून मसाला टाकला की आमटी होते असं हल्ली पुष्कळांना वाटतं. इथे थोडं पुरण आमटीत कालवलेलं होतं, खोबरं खरपूस भाजून वाटलेलं होतं, कढीपत्त्याची फोडणी ताजी होती आणि चिंचगुळाचा तोल बरोबर आईंनी सांगितला तसा होता. अळूच्या पातळ भाजीत दाणे, हरभऱ्याची डाळ, खोबऱ्याचे काप आणि मुळ्याच्या चकत्या. चुका घातलेला असल्यामुळे घशाला कुठेही खाज नाही. खमंग काकडी, चटणी, भजी, कुरडई, वरण-भात हे सगळं व्यवस्थित.

नैवेद्याचं पान त्यांनी वेगळ्या स्टीलच्या डब्यांत, आधी काढून, बाहेरून दोऱ्याने बांधून पाठवलं होतं. मी केळीचं पान मांडलं, पाण्याने चौकोनी मंडल काढलं, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मध्ये भाताची मूद आणि त्यावर वरण, तूप. मीठ आम्ही नैवेद्याच्या पानात वाढत नाही, आणि त्या डब्यांत मिठाची पुडी नव्हतीच. बाकीच्या १४ पानांसाठी मात्र आठवणीने दिलेली होती.

आता जे पटलं नाही तेही सांगते. पंचामृत मला आवडलं नाही. त्यात भोपळी मिरची घातली होती. पंचामृताला हिरवी तिखट मिरची, दाणे, तीळ, खोबरं आणि चिंचगुळाचा दाट रस हवा. भोपळी मिरचीने त्याला पाणी सुटलं होतं. माझीच चूक अशी की फोनवर बोलताना पंचामृताबद्दल मी काही सांगितलं नव्हतं. दुसरं म्हणजे पोळ्या गरम असतानाच डब्यात एकावर एक रचल्या होत्या. खालच्या पाच-सहा पोळ्यांना वाफ धरून त्या एकमेकींना चिकटल्या, एक फाटलीच. तुम्ही कुणाकडूनही मागवाल तेव्हा पोळ्या निववून, मध्ये कागद घालून द्यायला आवर्जून सांगा. आणि तिसरं, वेळ. साडेदहाला पोचतील म्हणालेले डबे अकरा पन्नासला कोथरूडला आले. गणपतीच्या दिवसांत पेठांमधले रस्ते मांडवांनी आणि गर्दीने अडलेले असतात, रिक्षावाला लांबून फिरून आला हे मला मान्य आहे. पण बाराचा नैवेद्य असलेल्या घरात त्या एक तास वीस मिनिटांत काय जीव वर-खाली होतो, हे ज्याच्यावर वेळ येते त्यालाच कळतं. सवाष्ण येऊन बसली होती आणि मी दाराशी उभी. पुढच्या वर्षी ह्यांना सकाळी नऊलाच स्कूटरवरून पाठवणार, नैवेद्याचे डबे तेवढे आधी घेऊन यायला.

पैशांचं म्हणाल तर एका पानाचे ४२० रुपये, १४ पानांचे ५,८८०, आणि पोचवायचे १५० वेगळे. पानामागे दोन पुरणपोळ्या धरलेल्या असतात, जास्तीच्या हव्या असतील तर आधी सांगाव्या लागतात. पुण्यात याहून स्वस्त ताटं मिळतात. पण सोळा भाज्या निवडून-चिरून, पुरण वाटून, सोवळ्याओवळ्याची जाण ठेवून कुणी आपल्या घरच्या पद्धतीने करून देत असेल तर मला हे पैसे जास्त वाटत नाहीत. निम्मे पैसे आगाऊ द्यावे लागतात. पहिल्या आणि तिसऱ्या दिवसाचं जेवण त्या करत नाहीत, ते मी घरीच केलं. भाकरी-भाजीला आणि दहीभाताला तसा किती वेळ लागतो?

त्यांचा नंबर इथे देत नाही. यादी लहान आहे आणि ती लहानच ठेवायची त्यांची इच्छा आहे. हवा असेल त्याने मला वेगळं विचारावं, मी त्यांची परवानगी घेऊन देईन.

विसर्जनाच्या दिवशी दुपारी उरलेली आमटी गरम करून भाताबरोबर घेतली. मुरलेली कटाची आमटी आदल्या दिवशीपेक्षाही चांगली लागते. आईंनी वाटी संपवली आणि म्हणाल्या, "मसाला त्यांचा आहे, आपला नाही. पुढच्या वर्षी आपल्या काळ्या मसाल्याची बरणी त्यांच्याकडे आधी पोचती कर." उन्हाळ्यात केलेल्या मसाल्यातला पाव किलो मी आत्ताच काढून, चिठ्ठी लावून फडताळात ठेवला आहे.