जुना डीएस लाइट, कावाशिमांचा गेम आणि आईचा ४ : सात महिन्यांनंतर

सात महिन्यांपूर्वी जुना निन्टेन्डो डीएस लाइट (हातात धरून खेळायचं, पेनने स्क्रीनवर लिहायचं गेमचं यंत्र) आणि ‘डॉ. कावाशिमाज ब्रेन ट्रेनिंग’ या मेंदूच्या व्यायामाच्या गेमचं कार्ट्रिज (यंत्रात घालायची गेमची चिप) मिळून साडेचार हजारांना घेतलं, आईसाठी. ती ६९ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. मोबाइलवरचे असले गेम सारख्या जाहिराती दाखवतात, नाहीतर वर्गणी मागतात. हा २००५ चा जपानी गेम एकदा घेतला की पुन्हा खर्च नाही, इंटरनेटही लागत नाही.

पहिले दोन महिने मात्र पैसे पाण्यात गेले असंच वाटत होतं. वीस गणितांचा सराव असतो ना, त्यात आई ‘सात सक बेचाळीस’ पुटपुटत क्षणात उत्तर लिहायची आणि समोर फुली यायची. चार आला की फुली ठरलेली. मी समजले, टच स्क्रीन गेली. कॅलिब्रेशन, म्हणजे पेन आणि स्क्रीन जुळवून घेणं, तीनदा केलं. मग एका दुरुस्तीवाल्याकडे नेलं, त्याने काच बदलून ६०० रुपये घेतले. घरी आणलं, तर चारवर पुन्हा फुली! परत गेले, तर म्हणाला, ‘मॅडम, गेमच खराब आहे.’ खूप राग आला. काच बदलण्याआधी त्याने एक आकडा तरी लिहून बघायला हवा होता.

एका संध्याकाळी तिच्या शेजारी बसून नुसता हात बघितला. ती ४ लिहीत होती! आपला, मराठी. वरून खाली, खाली गाठ, पुन्हा वर. गेमला तो इंग्रजी आठ वाटत होता, म्हणजे बेचाळीसचे ब्याऐंशी. आयुष्यभर फळ्यावर असाच लिहिला, घाईत दुसरा कुठून येणार? तिला सांगितलं तर म्हणाली, ‘अगं, मग आधी नाही का सांगायचं!’

तिथून माझं मत पार बदललं. वीस गणितांना लागणारा वेळ ५८ सेकंदांवरून २७ वर आला. गेममधल्या कॅलेंडरवर रोजचा शिक्का उमटल्याशिवाय ती चहा घेत नाही. गेम चाचणी घेऊन जे ‘मेंदूचं वय’ सांगतो, ते मात्र मनाला लावून घेऊ नका. २० सर्वांत चांगलं, पण झोप झाली नाही तर एका रात्रीत दहा वर्षं वाढतात. २०१० मध्ये ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात मेंदूच्या अशा खेळांचा ११,४३० जणांवरचा सहा आठवड्यांचा अभ्यास आला होता. खेळ वेगळे होते, पण निष्कर्ष असा की ज्याचा सराव केला तेच सुधारतं, बाकी बुद्धीला फायदा झाल्याचं दिसलं नाही. मला ते पटतं. आईची बेरीज-वजाबाकी जलद झाली, चष्मा ती अजूनही रोज शोधते. तरीही सकाळची ती पंधरा मिनिटं ती खुशीत असते, आणि मला त्याचीच किंमत जास्त आहे.

जुना डीएस घेताना बिजागरी आणि पेन तेवढं तपासा. कार्ट्रिजमध्ये चार जणांच्या नोंदी राहतात. गेल्या आठवड्यात बाबांचीही नोंद उघडली. त्यांनी पेन हातात घेतलं तशी आई म्हणाली, ‘अहो, चार इंग्रजीत लिहायचा हं.’