भिंतीतील फट: बर्कलीच्या मेमोरियल स्टेडियममधील एका हंगामाचा अनुभव

सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मेमोरियल स्टेडियममध्ये अमेरिकन फुटबॉलचे सहा सामने पाहिल्यानंतर हा अनुभव लिहीत आहे. आसनसंख्या आणि संघाची कामगिरी वाचकांना ठाऊक असेलच. मला मुख्यतः दक्षिण टोकाच्या भिंतीतील एका उभ्या फटीविषयी लिहायचे आहे.

पहिल्याच सामन्याला ती नजरेस पडली. माझे बालपण लातूर जिल्ह्यात गेले असून 1993 च्या किल्लारी भूकंपानंतरची घरे मी पाहिली आहेत, त्यामुळे भिंतीला तडा दिसला की माझे लक्ष खेळावर राहत नाही. 32 कोटी 10 लाख डॉलर खर्चून नूतनीकरण केलेल्या वास्तूत अशी फट राहतेच कशी, या प्रश्नाने मी इतका अस्वस्थ झालो की परतीच्या गाडीत पत्नीजवळ दुसरा विषयच काढला नाही, आणि तिकिटाचे पैसे पाण्यात गेले असे ठरवून टाकले.

तिसऱ्या सामन्यानंतर मात्र हे मत मागे घ्यावे लागले. स्टेडियम हेवर्ड भ्रंशावर, म्हणजे भूकवचातील एका लांब भेगेवर, उभे आहे आणि हा भ्रंश मैदानाच्या जवळजवळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो, एवढे मला माहीत होते. परंतु त्याच्या दोन्ही बाजूंची जमीन भूकंप नसतानाही वर्षाला साधारण 5 मिलिमीटर सरकत असते, हे माहीत नव्हते. पहिल्या महायुद्धात प्राण गमावलेल्या कॅलिफोर्नियावासीयांच्या स्मरणार्थ जॉन गॅलन हॉवर्ड यांच्या आराखड्यानुसार 1923 मध्ये हे स्टेडियम उभे राहिले, आणि तेव्हापासून ही संथ ओढ काँक्रीटने सोसली. या भ्रंशावरचा शेवटचा मोठा भूकंप 1868 मध्ये झाला होता.

नूतनीकरणात पश्चिमेकडील ऐतिहासिक दर्शनी भिंत राखून आतील बांधकाम नव्याने करण्यात आले. भ्रंशावर येणारे भाग उरलेल्या इमारतीपासून सोडवून स्वतंत्र ठोकळ्यांसारखे बांधले, आणि त्यांच्याखाली वाळू व प्लास्टिकचे थर दिले. जमीन आडवी 6 फूट आणि उभी 2 फूट सरकली, तरी हे ठोकळे आपापल्या जागी हलतील व शेजारच्या भागाला ओढणार नाहीत, अशी रचना आहे. म्हणजे ज्या फटीला मी निष्काळजीपणा समजत होतो, ती मुद्दाम सोडलेली जागा होती. किल्लारीत दगड आणि माती एकमेकांना धरून एकत्र कोसळली होती. येथे एकमेकांना न धरण्यातच सुरक्षितता शोधली आहे, हे कळल्यावर प्रत्येक सामन्याआधी मी त्या सांध्यापाशी थांबू लागलो.

हे काम सुखासुखी झाले नाही. शेजारच्या क्रीडाकेंद्रासाठी ओकची झाडे तोडू नयेत म्हणून आंदोलक डिसेंबर 2006 पासून सप्टेंबर 2008 पर्यंत झाडांवर राहिले, न्यायालयीन वाद झाला, 2011 चा हंगाम सॅन फ्रान्सिस्कोच्या बेसबॉल मैदानावर काढावा लागला आणि 1 सप्टेंबर 2012 रोजी स्टेडियम पुन्हा उघडले. खर्चाचा मोठा वाटा कर्जातून आला. वर्षाला मोजके सामने होणाऱ्या वास्तूसाठी विद्यापीठाने एवढे कर्ज घ्यावे, हे मला आजही पटत नाही. रचनेचे कौतुक वाटले म्हणून हा आक्षेप मी सोडलेला नाही.

आसनांबाबत थोडेच सांगतो. काटकसर म्हणून मी पूर्वेकडील बाजू घेतली, आणि दुपारच्या सामन्यांत मावळतीकडचे ऊन थेट डोळ्यांवर येते. बार्ट या लोकल रेल्वेच्या स्थानकापासूनची चढण गुडघ्यांना जाणवते. पूर्वेच्याच टेकडीवर, टाइटवाड हिलवर, बसून फुकट सामना पाहण्याची परंपरा स्टेडियमइतकीच जुनी आहे. पाचव्या सामन्याला मी तेथे जाऊन आलो. खेळ दिसतो, परंतु तो सांधा दिसत नाही, म्हणून पुढील हंगामासाठी मी तिकीटच घेतले आहे, यावेळी दक्षिण टोकाचे.