माणदेशातलं भंगार यार्ड: पद्मिनीच्या पत्र्यासाठी जावं, इंजिनासाठी नको

प्रीमियर पद्मिनी या जुन्या मोटारीचे ब्रेक शू, क्लच प्लेट, दारांची रबरं असला माल शहरातल्या जुन्या दुकानांत शोधला तर अजून सापडतो. मिळत नाही तो न सडलेला पत्रा. साताऱ्याच्या पूर्वेला माण तालुक्यात, डांबरी सोडून आत गेल्यावर जे यार्ड लागतं (मालकांना गर्दी नको, म्हणून गावाचं नाव देत नाही), तिथे जायचं ते त्यासाठीच. या पट्ट्यात वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस. कोकणात त्याच्या पाच-सहा पट पडतो, शिवाय खारी हवा. पद्मिनीला वेगळी चेसिस (बॉडीखालचा पोलादी सांगाडा) नाही, बॉडी हीच चेसिस. त्यामुळे दाराखालचा सिल सडला की गाडीचा कणाच गेला. म्हणून इथला कोरडा सांगाडा सोन्यासारखा.

अर्थात यार्ड कोरडं असलं तरी तिथली प्रत्येक गाडी कोरड्यात वाढलेली नसते. आधी नंबरप्लेट बघा. एमएच-१३ म्हणजे सोलापूर, एमएच-१० सांगली: अशा गाड्या खात्रीने तपासायला घ्या. एमएच-०८ रत्नागिरी किंवा मुंबईचा नंबर दिसला तर सिल, जॅक लावायची जागा, डिकीचा तळ आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे आधार स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. टोक आत गेलं तर सोडून द्या. रंगाखाली पुट्टी किती आहे ते चुंबकाने कळतं: पातळ कापडात गुंडाळून फिरवा, जिथे तो धरत नाही तिथे पुट्टीच. काळी-पिवळी टॅक्सी असेल तर छतावर कॅरिअरमुळे पन्हाळी दबलेली आणि सीएनजीच्या टाकीसाठी डिकीच्या तळाला भोकं पाडलेली असण्याची शक्यता मोठी.

या यार्डाची सगळ्यात चांगली बाजू ही की मालक विचारल्याशिवाय गॅस कटर लावत नाहीत आणि आपल्या हाताने भाग काढू देतात. बऱ्याच ठिकाणी मडगार्ड मागितलं की पाच मिनिटांत जाळून हातात देतात. त्या आचेने पत्रा असा वाकडा होतो की डेंटर कितीही चांगला असला तरी तो सरळ बसत नाही. इथे स्पॉट वेल्ड (दोन पत्रे जोडणारे वेल्डिंगचे ठिपके) ८ मिलिमीटरच्या स्पॉट कटर बिटने एकेक करून सोडवा. मागचा पॅनेल कापायचाच असेल तर जोडाच्या रेषेपलीकडे पाच-सहा सेंटिमीटर जास्त घ्या. जास्तीचं घरी कापता येतं, कमी पडलेलं वाढवता येत नाही. पेट्रोलची टाकी लागलेली असेल त्या बाजूला ग्राइंडर चालवू नका. टाकी वर्षानुवर्षं रिकामी असली तरी आत वाफ राहते.

काच काढताना रबर वाचवायचा मोह टाळा. बाहेरची कड ब्लेडने कापा, एकाने बाहेरून काच धरा, दुसऱ्याने आतून हळूहळू दाबत न्या. वाहतुकीत काच उभी ठेवा. आडवी ठेवली तर पहिल्या गतिरोधकाला गेली म्हणून समजा. पुढच्या दारातल्या तिकोनी काचेचा खटका मिळाला तर नक्की घ्या, बहुतेक गाड्यांत तो तुटलेलाच असतो. हँडल, दिव्यांच्या कड्या अशा ओतीव भागांवर फोड आलेले असतील तर ते सोडा. आतला धातूच फुगलेला असतो, वर नवा क्रोम टिकत नाही. बंपर पोलादी, तो सरळ असेल तर गंजलेलाही चालतो.

आता इंजिन का नको ते. १०८९ सीसी, चार सिलिंडर, वर ॲल्युमिनियमचं हेड (सिलिंडरांवरचं झाकण). प्लग काढून क्रँकच्या पुलीवर पाना घाला. हललं तर पुढचं बोला. जाम असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑइल आणि रॉकेल समप्रमाणात, तीस-चाळीस मिलिलिटर, आणि चार दिवस वाट, हे यार्डात जमणारं काम नाही. पाणी न बदलता पडून राहिलेल्या इंजिनांची हेडं आतून खाल्लेली असतात. स्टडला चिकटलेलं हेड छन्नीने उचकलं की बैठकीला खाच पडते. सीएनजीवर पळालेल्या हेडच्या व्हॉल्व्ह सीटही झिजून आत गेलेल्या असतात. शिवाय बदललेल्या इंजिनाचा नंबर आरटीओत आरसीवर चढवून घ्यावा लागतो. रेडिएटर आणि वायरिंग शोधू नका, तांब्या-पितळेपायी ते सगळ्यात आधी गेलेलं असतं.

भावाची पद्धत सरळ आहे. अख्खी गाडी वजनावर, सुटा भाग नगावर. पद्मिनी सुमारे ९०० किलो. किलोला ३० रुपये धरले तर २७,००० ही मालकांची खालची पायरी, त्याखाली घासाघीस करून उपयोग नाही. आपल्याला दोन दारं आणि बॉनेट हवं असेल तर ते आधी उतरवून बाजूला ठेवा आणि मग एकत्र भाव करा.

इथे कमी पडतं ते कागदांत. बहुतेक गाड्यांना आरसी नाही. अशी गाडी सुट्या भागांसाठीच घ्या, रस्त्यावर आणायचं स्वप्न बघू नका. आरसी असेल तर चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या आणि अक्षर न् अक्षर जुळवा. कर्जाचा बोजा आणि नोंदणीची स्थिती ‘एमपरिवहन’वर तपासा. ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळते, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये. पद्मिनी हे नाव १९७० च्या दशकातलं, म्हणजे सुरुवातीच्या गाड्या आता त्यात बसतात. पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही. दोन सांगाडे जोडून एक करायच्या आधी हे लक्षात घ्या.

जायचं ते फेब्रुवारी ते मे. पावसानंतर गवत कमरेएवढं होतं आणि सीटखाली फुरसं, विंचू, गांधीलमाश्यांची पोळी हमखास. दार उघडण्याआधी काठीने ठोका, बूट घोट्याच्या वरचे घाला. वीज भरवशाची नाही, म्हणून बॅटरीवरचं ड्रिल आणि दोन जादा बॅटऱ्या न्या. इम्पॅक्ट ड्रायव्हर तर हवाच, बिजागरीचे स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरने हलत नाहीत, नुसती डोकी झिजतात. अख्खा सांगाडा आणायचा असेल तर १४ इंची चार चाकं हवा भरून सोबत घ्या आणि हायड्रा (फिरती क्रेन) आदल्या दिवशी फोन करून ठरवा, तो तालुक्याच्या गावाहून येतो. ब्रेकचे ड्रम चिकटले असतील तर कडेने हातोडीने ठोकत फिरवा, मग गाडी ढकलता येते.