काशीबाईंच्या थाटाची शिवलेली नऊवारी
२०१५ साली प्रदर्शित झालेल्या ‘बाजीराव मस्तानी’ या चित्रपटात काशीबाई साकारणाऱ्या प्रियांका चोप्रा यांच्या नऊवारीची आठवण करून देणारी शिवलेली साडी मी दादरच्या एका दुकानातून बहिणीच्या लग्नासाठी घेतली. जांभळ्या रेशमाला हिरवा काठ फार शोभून दिसतो, आणि कमरेला नाडी असल्यामुळे नऊ वारांचा घोळ सावरण्याची चिंता न करता मी दिवसभर मोकळेपणाने वावरले. मात्र काष्ट्याच्या निऱ्या शिवून पक्क्या केल्याने मागचा भाग ताठ राहतो. आजी चापूनचोपून नेसवत असे, ती अंगासरशी बसणारी घडी येथे नाही. पदरही आखूड आहे, हे दुकानदाराने आधीच सांगायला हवे होते. नथ मी आईचीच घातली, कारण दुकानातील चित्रपटाच्या धर्तीवरील नथीचा चाप नाकाला टोचत होता.