शब्दांविना पुस्तक: परक्या शहरात सुवार्ता सांगायला किती कामाचं?

खिशात मावणारं, एकही अक्षर नसलेलं, नुसत्या रंगीत पानांतून येशूची सुवार्ता म्हणजे शुभवार्ता सांगणारं हे पुस्तक मिशनला निघालेल्यांच्या पिशवीत हमखास असतं. १८६६ साली लंडनमध्ये धर्मोपदेशक स्पर्जन यांनी त्यावर प्रवचन केलं तेव्हा पानं तीनच होती: काळं, लाल, पांढरं. १८७५ मध्ये अमेरिकन सुवार्तिक मूडी यांनी सोनेरी जोडलं. हिरवं त्याहून नंतरचं. आता बहुतेक प्रतींत सोनेरी म्हणजे स्वर्ग, काळं म्हणजे पाप, लाल म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, पांढरं म्हणजे शुद्ध अंतःकरण आणि हिरवं वेष्टन म्हणजे विश्वासातली वाढ.

शब्द नाहीत म्हणजे भाषेची अडचण नाही, हा समज आधी सोडा. रंगही बोलतात, आणि प्रत्येक समाजात वेगळं बोलतात. चिनी परंपरेत पांढरा शोकाचा, लाल लग्नाचा आणि शुभाचा. तिथे पांढरं पान उघडून आनंदाची बातमी सांगितली की ऐकणारा गोंधळतो. म्हणून रंगाचं नाव न घेता ‘धुतलेलं’, ‘डाग नसलेलं’ म्हणा. बायबलमधल्या स्तोत्रसंहिता ५१:७ मध्ये धुण्याचीच विनंती आहे. ‘काळं मन’ तर कुठेच म्हणू नका. समोर काळ्या वर्णाचा माणूस असेल तर तो त्याचा अपमानच होतो. ‘अंधार’ म्हणा आणि १ योहान १:५ वाचा.

पुस्तकातली सर्वांत मोठी उणीव वेगळीच आहे: पुनरुत्थानाला पानच नाही! लाल पानावर क्रूस आणि रक्त सांगून घाईने पांढऱ्यावर गेलं, तर ऐकणाऱ्याच्या मनात येशू मेलेलाच राहतो. लाल पान मिटण्याआधी १ करिंथ १५:३-४ सांगा: मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला. दुभाष्यालाही हे आधीच बजावून ठेवा. त्याला एका वेळी एकच छोटं वाक्य द्या. वाक्य लांबलं की तो सारांश सांगतो आणि नेमकं हेच गळतं.

संध्याकाळी रस्त्यावर वापरणार असाल तर दिवे बघून घ्या. सोडियमच्या पिवळ्या उजेडात लाल पान तपकिरी, काळपट दिसतं, मग लाल आणि काळ्या पानांतला फरकच कळत नाही. पांढऱ्या दिव्याखाली उभे राहा. चकचकीत सोनेरी पान थोडं तिरकं धरा, नाहीतर नुसती चमक दिसते. कागदी प्रतीचा सोनेरी मुलामा घडीवर आधी उडतो. रोज वापरायचं असेल तर फेल्टची (जाड, दाबलेल्या कापडाची) प्रत घ्या. खिशातली प्रत दोघा-तिघांपुरतीच, घोळक्याला मोठी लागते.

मुलांना दाखवण्याआधी पालकांची परवानगी घ्या. काही देशांत धर्मप्रसारावर कायद्याने बंदी आहे, तेव्हा तिथले नियम आणि व्हिसाच्या अटी निघण्यापूर्वीच वाचा.

घ्यावं का? जरूर घ्यावं, पण एकटं नको. सोबत ऐकणाऱ्याच्या भाषेतलं योहानाचं शुभवर्तमान ठेवा, आणि वाचता न येणाऱ्यासाठी त्याच भाषेतलं ध्वनिमुद्रण फोनवर आधीच उतरवून ठेवा.