नव्या ॲक्सलचे पैसे घेतले, रंग मारलेला जुना बसवला

रंग ओला होता. ॲक्सल, म्हणजे मागचं चाक फिरवणारा दांडा, हातात घेतला तेव्हा अंगठ्याला काळा डाग लागला. तो मी पँटीला पुसला आणि गप्प बसलो. नव्या ॲक्सलच्या दात्यांवर ओला रंग कशाला असेल? हे तेव्हाच विचारायला पाहिजे होतं. अजून रात्री तो डाग आठवतो.

माझा टाटा ४०७ छोटा ट्रक आहे, सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याचं भाडं करतो. गड्ड्याच्या जत्रेआधी डिफ्रन्शियल, म्हणजे इंजिनचा जोर मागच्या दोन ॲक्सलना देणारा गिअरचा गोळा, ओरडायला लागलं. गॅरेजवाल्याने गोळा उतरवला आणि हिशोब सांगितला: क्राउन-पिनियन (गोळ्यातली गिअरची जोडी) १४,५००, दोन ॲक्सल ९,८००, बेअरिंग ५,६००, पॅकिंग आणि ऑइल सील १,२५०, ऑइल २,१००, मजुरी ५,४००. एकूण ३८,६५० रुपये. बायकोचं गंठण गहाण ठेवून रोख मोजले. जुने पार्ट मागितले तर म्हणाला, "मालक, ते भंगारात गेले." बिल म्हणून वहीचा फाडलेला कागद दिला. जुने पार्ट मिळाल्याशिवाय पैसे सोडू नका.

मी अडाणी नाही, १७ वर्षं स्टीअरिंगवर आहे. पण ऐन सीझनात गाडी उभी, हप्ता डोक्यावर, तेव्हा माणूस विश्वास ठेवतो.

अकराव्या दिवशी, भरल्या गाडीसह, सावळेश्वर टोलनाक्याच्या अलीकडे आवाज झाला. इंजिन चालू, गिअर पडतोय, गाडी हलत नाही. ४०७ मध्ये गाडीचं वजन ॲक्सलवर नाही, चाकाच्या हबवर (मधल्या तुंब्यावर) असतं, म्हणून ॲक्सल मोडूनही चाक निघालं नाही, नाहीतर आज हे लिहायला मी नसतो. टोचन ६,५००. लिलाव चुकला, शेतकऱ्याने भाड्यातले ३,००० कापले. त्याचं काय चुकलं?

दुसऱ्या मिस्त्रीने ॲक्सल ओढला. मोडलेल्या जागी रंगाखाली वेल्डिंगचा जोड! ॲक्सलला पाणी दिलेलं असतं, म्हणजे तापवून कडक केलेलं असतं, वेल्डिंगच्या उष्णतेने ते उतरतं, मग भरल्या गाडीचा जोर तो कसा सोसणार? फ्लॅंजचं (ॲक्सल हबला बोल्टने बसतो त्या चकतीचं) पॅकिंग जुनंच, फाटलेलं, वरून सिलिकॉन थापलेलं. सीलही जुनंच. ऑइल झिरपून डाव्या चाकाच्या ब्रेकचा ड्रम आणि लायनर भिजले होते. म्हणजे ब्रेकही जाणार होता. या १,२५० रुपयांचा मला सगळ्यात जास्त संताप आहे. हबजवळ ऑइलचा ओघळ दिसला की गाडी तिथेच थांबवा.

पोलीस ठाण्यात तीन चकरा मारल्या. "हा दिवाणी मामला आहे, आपसात मिटवा." चौथ्यांदा गेलो तर साहेब बंदोबस्तात. मग ग्राहक म्हणून तक्रार करायला आणखी एका कचेरीत गेलो, तिथे खिडकीवरच्या माणसाने कागद न वाचताच सांगितलं, गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहक नाही. साफ चूक! २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून वस्तू घेऊन वापरणारा ग्राहकच धरला आहे. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षं. हे मला वकिलाने सांगितलं; पगार घेऊन खिडकीत बसलेल्याला माहीत नको? १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते.

पक्कं बिल घ्या, त्यावर पार्ट नंबर लिहून घ्या. पॅकेट तुमच्यासमोर फोडायला लावा आणि फिटिंग होईपर्यंत तिथून हलू नका, चहालासुद्धा. मी चहाला गेलो होतो.

ॲक्सलचे दोन्ही तुकडे पोत्यात बांधून घरी ठेवलेत. गॅरेजवाला फोन उचलत नाही. सोमवारी वकिलाकडे जायचं आहे.